न पाहिलेल्या राजाची ओढ

९ मार्च २०२५ रोजी काठमांडूच्या त्रिभुवन आंतरराष्ट्रीय विमानतळाबाहेर हजारो लोक एका सत्त्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांची वाट पाहत उभे होते. पोखऱ्याहून परतणारे हे गृहस्थ म्हणजे नेपाळचे शेवटचे राजे ज्ञानेंद्र शाह. कायद्याच्या दृष्टीने ते आज सामान्य नागरिक आहेत, त्यांना कोणतेही पद नाही. तरीही त्या दिवशी रस्ता घोषणांनी दणाणून गेला होता : ‘राजा आऊ, देश बचाऊ’. नेपाळी न येणाऱ्यालाही कळेल, इतकी ही घोषणा सोपी आहे.

राजेशाहीचा काळ जगलेले वयस्कर लोक या गर्दीत असणार, हे अपेक्षितच होते. लक्ष वेधून घेतले ते मोबाइल उंचावून चित्रण करणाऱ्या, चेहऱ्यावर राष्ट्रध्वज रंगवलेल्या तरुण मुलामुलींनी. २८ मे २००८ च्या रात्री संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपुष्टात आणली, तेव्हा यांतले कित्येक जण पाळण्यात होते. ज्याच्या कारभाराचा एकही दिवस यांना आठवणे शक्य नाही, अशा राजाविषयी यांना एवढी ओढ का वाटावी, हा या चित्रफितीचा विषय आहे.

काठमांडूत वाढणाऱ्या मुलासाठी राजघराणे कधी पूर्णपणे नाहीसे झालेच नव्हते. विमानतळ आणि विद्यापीठ त्रिभुवन राजांच्या नावाने आहे, देशाचा पूर्व आणि पश्चिम जोडणारा सुमारे एक हजार किलोमीटरचा महामार्ग महेंद्र राजांच्या नावाने ओळखला जातो, आणि शहराच्या मध्यावरचा बसथांबा सगळ्यांच्या तोंडी आजही राणी रत्ना यांच्या नावाने, म्हणजे ‘रत्न पार्क’ असाच आहे. राजेशाही मोडीत निघत असताना नोटांवरचा राजाचा चेहरा जाऊन तिथे सगरमाथ्याचे, म्हणजे एव्हरेस्टचे, शिखर आले आणि राष्ट्रगीतही बदलले, पण रोजच्या बोलण्यातली ही नावे तशीच राहिली.

शहराच्या मधोमध नारायणहिटी राजवाडा आहे. ज्ञानेंद्र ११ जून २००८ रोजी तिथून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी तिथे संग्रहालय सुरू झाले. दालनांना नेपाळच्या जिल्ह्यांची नावे आहेत, सिंहासन ठेवलेल्या दालनाचे नाव गोरखा बैठक. २०१८ पासून राजमुकुटही लोकांना पाहण्यासाठी ठेवला आहे : रत्ने, मोती आणि माथ्यावर ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’ या पक्ष्याच्या पिसांचा झुपकेदार तुरा. मागच्या आवारात मात्र वेगळेच काही दिसते. तिथे त्रिभुवन सदन नावाच्या इमारतीचा केवळ पाया शिल्लक आहे आणि जवळच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत. १ जून २००१ च्या रात्री राजे वीरेंद्र, राणी ऐश्वर्या, त्यांची दोन मुले आणि घराण्यातले इतर अनेक जण इथे मारले गेले. अधिकृत चौकशीने युवराज दीपेंद्र यांना जबाबदार धरले. खुद्द दीपेंद्र बेशुद्धावस्थेत तीन दिवस राजे म्हणून घोषित होते आणि ४ जूनला त्यांचा मृत्यू झाला; मग वीरेंद्रांचे धाकटे भाऊ ज्ञानेंद्र गादीवर आले. चौकशीच्या निष्कर्षावर विश्वास न ठेवणारे लोक नेपाळात आजही ठिकठिकाणी भेटतात.

तरुणांच्या मनातला राजा या पायापाशी घडला आहे, असे आम्हांला वाटते. कारण ज्या राजाचे छायाचित्र ते आपल्या मोबाइलवर जपतात, तो बहुतेक वेळा ज्ञानेंद्र नसतो, तो वीरेंद्र असतो. चष्मा लावलेला, मितभाषी, ईटन आणि हार्वर्ड येथे शिकलेला, नेपाळला शांतिक्षेत्र घोषित करावे असा प्रस्ताव १९७५ मध्ये जगापुढे मांडणारा, विकासक्षेत्रांत, म्हणजे देशाच्या निरनिराळ्या विभागांत, जाऊन मुक्काम करणारा, आणि माओवाद्यांशी लढायला सैन्य न उतरवणारा राजा. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. पण अकाली गेलेल्या माणसाबद्दल वाटणारी हळहळ कारभाराच्या मूल्यमापनात मिसळली, की हिशेब नीट लागत नाही, आणि वीरेंद्रांच्या बाबतीत तेच घडले आहे.

या ओढीमागची नाराजी मात्र पोकळ नाही. २०१५ मध्ये नवे संविधान लागू झाल्यानंतर पुढची जवळपास दहा वर्षे पंतप्रधानपद मुख्यतः तीन नेत्यांमध्ये फिरत राहिले : के. पी. शर्मा ओली, पुष्पकमल दहाल ‘प्रचंड’ आणि शेरबहादूर देउबा. युती जुळायची, मोडायची आणि तेच चेहरे नव्या क्रमाने समोर यायचे. २००८ नंतर एकाही सरकारला पाच वर्षांची मुदत पूर्ण करता आलेली नव्हती. २०२३ मध्ये तर नेपाळी नागरिकांना भूतानी निर्वासित असल्याचे भासवून अमेरिकेला पाठवण्याच्या प्रकरणात माजी गृहमंत्र्यांना अटक झाली. देशाचा गृहमंत्रीच आपल्या माणसांना परके ठरवून विकतो, असा आरोप ऐकत मोठ्या झालेल्या मुलाला प्रजासत्ताकाचे कौतुक वाटावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

शिवाय हा तरुण बहुतेक वेळा देश सोडण्याच्या तयारीत असतो. २०२१ च्या जनगणनेनुसार नेपाळची लोकसंख्या सुमारे २ कोटी ९१ लाख होती आणि जवळजवळ २२ लाख लोक परदेशी होते. परदेशातून, मुख्यतः आखातातून आणि मलेशियातून, येणारा पैसा देशाच्या सकल उत्पन्नाच्या सुमारे एक चतुर्थांश भरतो. अशा वेळी आजोबा सांगतात, की राजाच्या काळात सोव्हिएत मदतीने जनकपूरला सिगारेट कारखाना उभा राहिला होता आणि १९७५ मध्ये चिनी मदतीने त्रिपुरेश्वर ते सूर्यविनायक ट्रॉलीबस सुरू झाली होती. कारखाना बंद पडला. ट्रॉलीबसही थांबली. हे सगळे परकीय मदतीवर उभे होते आणि नंतरच्या काळात ते चालवता का आले नाही याची कारणे गुंतागुंतीची आहेत, पण विमानतळावर पारपत्र हातात घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मुलापर्यंत त्यातले एकच वाक्य पोहोचते : राजाने उभारले, नेत्यांनी मोडले.

त्या वाक्यातून काय काय गळून गेले आहे, तेही पाहिले पाहिजे. १९५९ मध्ये नेपाळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि बी. पी. कोइराला पंतप्रधान झाले. १५ डिसेंबर १९६० रोजी राजे महेंद्र यांनी ते सरकार बरखास्त करून पंतप्रधानांना अटक केली, पुढे त्यांना आठ वर्षे तुरुंगात ठेवले, आणि राजकीय पक्षांवर घातलेली बंदी तीस वर्षे उठली नाही. पंचायत व्यवस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या काळाचे सूत्र एक राजा, एक देश, एक भाषा, एक वेष असे होते. १९६५ मध्ये रेडिओ नेपाळवरून नेवारी आणि हिंदी बातम्या बंद झाल्या. म्हणूनच काठमांडूतला, नेवारी भाषेच्या घरातला नेवार तरुण किंवा तराईतला, म्हणजे दक्षिणेकडच्या मैदानातला, मधेशी तरुण राजाबद्दल बोलताना बऱ्याचदा वेगळ्या सुरात बोलतो, कारण त्याच्या घरात सांगितली जाणारी गोष्टच वेगळी असते.

वीरेंद्रही या व्यवस्थेचेच राजे होते. १९९० च्या जनआंदोलनात, ६ एप्रिल रोजी, राजवाड्यासमोरच्या दरबार मार्गाकडे निघालेल्या निदर्शकांवर गोळीबार झाला. दोन दिवसांनी राजांनी पक्षांवरील बंदी उठवली आणि त्याच वर्षी घटनात्मक राजेशाही मान्य केली. समर्थक यातला दुसरा भाग आवर्जून सांगतात. तो सांगण्याजोगा आहेच, कारण सत्ता सोडणारे राजे इतिहासात फार नाहीत. पण त्याआधीची सात आठवड्यांची धग सांगितल्याशिवाय तो उदारपणा कळत नाही.

आता २००५ कडे येऊ. तरुण समर्थकांनी इतर काही पाहिले नाही तरी चालेल, ही एक तारीख मात्र जरूर पाहावी. १ फेब्रुवारी २००५ रोजी राजे ज्ञानेंद्र यांनी दूरचित्रवाणीवरून सरकार बरखास्त केल्याचे जाहीर केले आणि सगळी सत्ता स्वतःकडे घेतली. त्याच दिवशी देशभरातले दूरध्वनी बंद पडले, इंटरनेट तोडले गेले, नेते नजरकैदेत गेले आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत लष्कराचे लोक येऊन बसले, जे छापायला दिलेला मजकूर वाचून मगच पुढे सोडत. वीस वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, नेपाळ सरकारने २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली, तेव्हा शाळकरी गणवेशातली मुलेसुद्धा रस्त्यावर उतरली. ८ सप्टेंबरला पोलिसांच्या गोळीबारात १९ जण मारले गेले, ९ तारखेला संसद आणि सरकारचे मुख्यालय असलेला सिंहदरबार पेटले, ओलींनी राजीनामा दिला आणि १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी अंतरिम पंतप्रधानपदाची शपथ घेतली. समाजमाध्यमे बंद करणारे सरकार दोन दिवसांत घालवणारी ही पिढी आहे. याच पिढीतला एखादा तरुण, संपूर्ण देशाचा दूरध्वनी बंद करणाऱ्या राजाच्या नावाने घोषणा देतो, तेव्हा त्याला विरोधाभास जाणवत नाही, कारण २००५ त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

या आंदोलनाच्या मुख्य मागण्या भ्रष्टाचार आणि बंदीविरोधात होत्या, राजाला परत आणणे हे त्याचे उद्दिष्ट नव्हते. त्याआधी २८ मार्च २०२५ रोजी काठमांडूच्या तीनकुने भागात राजसमर्थकांच्या मोर्चाला हिंसक वळण लागून एका दूरचित्रवाणी पत्रकारासह दोघांचा मृत्यू झाला होता आणि त्या दिवसानंतर कुंपणावरचे बरेच लोक मागे सरकले. मतपेटीतही २०२२ मध्ये राजसमर्थक राष्ट्रीय प्रजातंत्र पक्षाला २७५ पैकी १४ जागा मिळाल्या होत्या. म्हणजे ओढ आहे, ती दिसते, ऐकू येते, पण बहुमत नाही.

एक अडचण मात्र समर्थकांच्या स्वतःच्या घरातली आहे आणि तिच्याकडे ते फारसे वळत नाहीत. गादी वारसाने चालते, आवडीने नाही. वीरेंद्र प्रिय असले तरी त्यांचा वंश त्या हत्याकांडातच संपला. गादी परत आली तर ती ज्ञानेंद्रांकडे येईल आणि त्यांच्यामागे त्यांचे पुत्र पारस यांच्याकडे, जे युवराज असतानाही लोकप्रिय नव्हते. राजेशाही वाचवण्यासाठी २००७ मध्ये पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला यांनी याच अडचणीवर तोडगा सुचवला होता : ज्ञानेंद्र आणि पारस दोघांनी बाजूला व्हावे आणि लहानग्या नातवाला, हृदयेंद्रला, गादीवर बसवावे. ती सूचना पुढे सरकली नाही आणि वर्षभरात राजेशाहीच गेली. हृदयेंद्र २००२ चे, म्हणजे विमानतळाबाहेर घोषणा देणाऱ्या मुलांच्याच वयाचे. राजवाडा सुटला तेव्हा ते सहा वर्षांचेही नव्हते. काही राजसमर्थक आज ज्ञानेंद्रांऐवजी त्यांचे नाव घेतात, काहींना तो ज्ञानेंद्रांचा अपमान वाटतो, आणि नेमका कोणता राजा आणायचा यावर या गर्दीचे आपसातच एकमत झालेले नाही.