पश्चिमेला धुकं, पूर्वेला फुफाटा: साताऱ्यात गाडीला फिल्टर कुठला घालायचा

[दृश्य: कोरेगाव ते पुसेगाव रस्ता. उसाच्या ट्रॉल्या, मागनं येणाऱ्या मोटारसायकली, धूळ.]

१ लिटर पेट्रोल जाळायला इंजिनला साधारण ९ हजार लिटर हवा लागते. मोटारसायकल ५० चं ॲव्हरेज देत असेल तर साताऱ्याहून कराडला पोचेपर्यंत तिनं एवढी हवा आत ओढलेली असते, आणि ती हवा कुठली, तर पुढच्या ट्रकच्या, एसटीच्या नाहीतर उसाच्या ट्रॉलीच्या मागची. कारखाने चालू झाले की पार मार्चपर्यंत आपल्याकडचे रस्ते कसे होतात ते तुम्हाला माहितीच आहे, साइडपट्टीची माती सगळी डांबरावर आलेली असते आणि येणारं प्रत्येक चाक ती परत उडवत असतंय.

त्या मातीत सिलिका असते, वाळूचाच बारीक चुरा. कठीणपणा मोजायची मोस नावाची १ ते १० ची पट्टी आहे, तिच्यावर सिलिकाचा क्वार्ट्झ ७ वर बसतो आणि साधं लोखंड ४ च्या आसपास. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा थर असतो जेमतेम काही मायक्रॉनचा, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरनं अंदाज घ्या. त्या थरापेक्षा मोठा कण पिस्टनची रिंग आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, यांच्या मध्ये सापडला की तो ओरखडे काढत वरखाली फिरतो, आवाज नाही काही नाही, आणि मग एक दिवस गाडी निळा धूर मारायला लागते, ऑइल खायला लागते, मेस्त्री सांगतात बोअर-पिस्टनचं काम निघालं. चांगली जपलेली गाडी कमी किलोमीटरलाच अशी बसते तेव्हा खरंच जीव तुटतो, कारण धूळ अडवणारा एअर फिल्टर नीट असला तर बऱ्याच वेळा हे सगळं टाळता येण्यासारखं असतंय.

[दृश्य: यवतेश्वर घाट, धुकं. मग म्हसवडजवळचा माळ, ऊन.]

आपला जिल्हा या बाबतीत अवघड आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात ५०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कासला जाणारी गाडी आणि दहिवडी-म्हसवडला जाणारी गाडी एकाच कंपनीची असली तरी तिच्या नाकातोंडात जाणारी हवा वेगळी. म्हणून कुणी विचारलं की सगळ्यात भारी फिल्टर कुठला, तर मी आधी विचारते की गाडी चालते कुठं आणि तिची सर्व्हिसिंग कोण करतं.

आता एअर फिल्टर मुख्य तीन जातीचे मिळतात. कागदाचा, फोमचा आणि कॉटनचा.

कंपनीतनं बहुतेक गाड्यांना कागदाचा येतो, घड्या घातलेला. त्यातही दोन प्रकार आहेत, एक कोरडा आणि एक तेलकट, हात लावला की चिकट लागणारा, होंडाच्या बऱ्याच गाड्यांना असा असतो. हा चिकट फिल्टर साफ करायचा नसतो, मुदत झाली की बदलायचा. पण आपल्याकडं काय होतं, गाडी गॅरेजला लावली की पोरगं फिल्टर काढतं, कंप्रेसरची हवा मारतं आणि परत बसवतं, दिसायला स्वच्छ दिसतो, गिऱ्हाईकाचे पैसे वाचले म्हणून गिऱ्हाईक पण खूश. त्या जोराच्या हवेनं कागदाच्या धाग्यांमध्ये बारीक भोकं पडलेली असतात, चिकटपणा गेलेला असतो, आणि इथनं पुढं तो फिल्टर पानं आणि किडे तेवढे अडवणार, बारीक धूळ सरळ आत. कोरड्या कागदाला लांबून, हलक्या दाबानं, आतल्या बाजूनं बाहेर अशी हवा एखाद्या वेळी चालते, पण गाडीच्या पुस्तकात तसं लिहिलं असेल तरच.

आणि एक गोष्ट लोकांना पटत नाही पण ती खरी आहे, की थोडा वापरलेला कागदी फिल्टर नव्या फिल्टरपेक्षा जास्त बारीक धूळ अडवतो. चहाच्या गाळणीत चोथा बसला की पुढचा चहा जास्त नितळ उतरतो ना, तसं अडकलेली धूळच पुढच्या धुळीला अडवायला लागते. अर्थात एका हद्दीनंतर हवाच कमी पडते, पिकअप जातो, प्लग काळा पडतो, मग बदलायलाच पाहिजे. पण दर पंधरा दिवसांनी फिल्टर उघडून बघायची सवय असेल तर ती मोडा, कारण प्रत्येक वेळी उघडताना थोडी धूळ स्वच्छ बाजूला सांडतेच.

फोमचा फिल्टर धुवून परत वापरता येतो, फुफाट्यात चालणाऱ्या गाड्यांना तो चांगला, म्हणून तर मातीत रेस खेळणाऱ्या गाड्यांना जगभर तेल लावलेला फोम असतो. पण तेल लावलेला, हे महत्त्वाचं. रॉकेलनं किंवा साबणाच्या पाण्यानं धुवायचा, दाबून पाणी काढायचं, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा आणि मग फोमसाठीचं ऑइल किंवा पुस्तकात सांगितलेलं ऑइल लावून जास्तीचं दाबून काढायचं. पेट्रोलनं धुतला तर जोडाचा गोंद सुटतो, आणि पेट्रोल उघड्यावर वापरणं धोक्याचं ते वेगळंच. कोरडा फोम बसवून फिरणाऱ्या गाड्या मी खूप बघितल्यात, त्यापेक्षा साधा कागद कितीतरी बरा.

तिसरा कॉटनचा, ज्याच्यावर सगळी पोरं फिदा असतात. के अँड एन ही अमेरिकेतली कॅलिफोर्नियाची कंपनी १९६९ सालची, केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनाल्ड या दोघांच्या नावावरनं तिचं नाव, आणि जाळीत बसवलेल्या तेलकट कॉटनचा फिल्टर म्हटलं की पहिलं तेच नाव येतं. इटलीची बीएमसी, ग्रीसची डीएनए पण याच पद्धतीचे बनवतात. हे फिल्टर चांगले असतात, वर्षानुवर्षं टिकतात, किंमत मात्र कागदी फिल्टरच्या कितीतरी पट.

पण पॉवरचं काय? कारण तेच सांगून ते विकले जातात. बघा, कंपनीनं जो कागदी फिल्टर दिलाय त्याच्या घड्या उलगडल्या तर कागद भरपूर निघतो, दीडशे-दोनशे सीसीच्या इंजिनाला लागते त्याहून जास्त हवा तो स्वच्छ असताना सहज सोडतो. त्यामुळं एअरबॉक्स, म्हणजे फिल्टर ज्यात बसतो तो डबा, आहे तसाच ठेवून नुसता कॉटनचा घातला तर फरक एवढा थोडा पडतो की तो बहुतेकांना जाणवणार नाही, जाणवतो तो आवाज, हवा ओढल्याचा भरदार आवाज येतो आणि आपल्याला वाटतं गाडी पळायला लागली. जास्त मोकळी हवा गेली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं तर गाडी लीन चालते, तापते, प्लग पांढरा पडतो, ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट होते, कार्बोरेटरच्या गाडीला मग मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, मोठा घालावा लागतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस सिक्स गाड्यांमध्ये ऑक्सिजन सेन्सर आहे, इंजेक्शन आहे, ते एका मर्यादेत सांभाळून घेतं, पण फुल ॲक्सिलरेटरला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, किती पेट्रोल सोडायचं ते आधी ठरलेल्या मॅपवरच ठरवतो.

आणि एअरबॉक्स काढून तो कोनासारखा उघडा फिल्टर लावतात, त्याच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आपल्या जिल्ह्यात रोजच्या गाडीला तो लावू नका. बामणोलीच्या पावसात तो भिजणार, माणमध्ये तो धूळ खाणार, आणि एअरबॉक्सचा आकार इंजिनवाल्यांनी मोजून मापून केलेला असतो, तो काढला की खालच्या आरपीएमचा पिकअप बऱ्याचदा जातो.

कॉटनचा कुणी घ्यावा तर जो स्वतः बसून त्याच्या क्लीनरनं धुणार, आतल्या बाजूनं बाहेर कमी जोराचं पाणी सोडणार, रात्रभर सावलीत वाळू देणार, मग घड्याघड्यांवर मोजकं तेल लावणार. हे करणारा माणूस असेल तर जरूर घ्या. नाहीतर त्याच पैशात कित्येक वर्षांचे कागदी फिल्टर येतात.

[दृश्य: गोडोलीतलं गॅरेज. उघडलेला एअरबॉक्स, आतल्या कडेला मातकट रेघ.]

ही रेघ नीट बघा. फिल्टर नवा आहे, कागद चांगला आहे, आणि तरीही स्वच्छ बाजूला माती आलीय, कारण फिल्टरचं रबर एअरबॉक्सच्या खोबणीत बसलेलंच नाही. आफ्टरमार्केट, म्हणजे गाडी कंपनीचा नसलेला बाहेरचा, फिल्टर घेताना मी ब्रँडच्याही आधी हे बघते. जुना फिल्टर सोबत घेऊन दुकानात जा, दोन्ही शेजारी ठेवा, उंची, रुंदी, रबराची जाडी, मऊपणा, कोपरे सगळं जुळवा, घड्या एकसारख्या आहेत का बघा, कडेला गोंद कुठं सुटलाय का बघा. दबवून झाकण लावावं लागत असेल किंवा फिल्टर आत खुळखुळत असेल तर तो परत करा, भले दुकानदार म्हणूदे की चालतंय ओ, सगळ्यांना तोच देतो. बसवल्यावर खात्री करायची असेल तर फिल्टरच्या पुढं, स्वच्छ बाजूच्या नळीत, बोटानं ग्रीसचा पातळ थर द्या आणि आठवड्याभरानं उघडून बघा, ग्रीसवर धूळ चिकटली असेल तर कुठनं तरी हवा चोरून जातीय.

[दृश्य: जुना ऑइल फिल्टर हॅकसॉनं कापताना.]

आता ऑइल फिल्टर. याचा शोध तसा जुना, १९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी मोटारीसाठी प्युरोलेटर काढला, त्याआधी गाळणीसारखी जाळी असायची नाहीतर तीही नसायची. मोटारसायकलमध्ये या फिल्टरला काम जास्त, कारण कारमध्ये क्लच आणि गिअर वेगळे असतात, आपल्या बहुतेक गाड्यांमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही एकाच ऑइलमध्ये बुडालेले. क्लचप्लेटची घासलेली भुकटी पण त्याच ऑइलमध्ये फिरते. म्हणूनच ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए टू, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण, लिहिलेलं बघायचं, कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो.

स्प्लेंडरवाल्यांनी मात्र दुकानात ऑइल फिल्टर मागू नये. त्या घडणीच्या इंजिनात बदलायचा कागदी फिल्टर नसतोच, एक जाळी असते आणि क्रँकवर फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो, तो गरगर फिरतो आणि जड कण कडेला फेकले जाऊन तिथं काळ्या लोण्यासारखे बसतात. ते उजव्या बाजूचं कव्हर उघडून साफ करावं लागतं आणि हेच काम कुणी करत नाही. नुसतं ऑइल बदलून सोडतात. तुमची गाडी अशी असेल तर मेस्त्रींना आठवणीनं सांगा.

बाकी पल्सर, बुलेट, केटीएम अशांना छोटा कार्ट्रिज असतो, तो स्वस्तातला पार्ट आहे, त्यात वीस-तीस रुपये वाचवायला जाऊ नका. घेताना टोकाची झाकणं सरळ चिकटलीत का, आतली भोकाची नळी चेपत तर नाही ना, रबराचं तोंड घट्ट आहे का ते बघायचं. काही फिल्टरच्या टोकाला स्प्रिंगचा बायपास व्हॉल्व्ह असतो, आणि तो का असतो हे कळलं तर स्वस्त मालाची भीती कळेल. थंडीत पहाटे ऑइल घट्ट असतं, कागदातनं पटकन जात नाही, किंवा फिल्टर पार तुंबलेला असतो, अशा वेळी बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल तरी इंजिनला मिळतं. ती स्प्रिंग ढिली असेल तर बायपास कायम उघडाच राहणार, फिल्टर असून नसल्यासारखा. फार कडक असेल तर तुंबलेल्या फिल्टरच्या वेळी इंजिन उपाशी.

बसवायची दिशा त्याहून महत्त्वाची. काही फिल्टरवर आउटसाइड असं छापलेलंच असतं, ती बाजू बाहेर. उलटा बसवला तर काही इंजिनात ऑइलची वाट बंद होते आणि कॅम, हेड जळायला वेळ लागत नाही. जुना काढताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा, स्प्रिंग कुठल्या बाजूला होती, ओ-रिंग, म्हणजे रबराच्या गोल कड्या, कुठं होत्या. ओ-रिंग नव्याच घाला.

जुना फिल्टर फेकायच्या आधी कापून बघा, असं मी सगळ्यांना सांगते. कागद उलगडून उन्हात धरा. नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगला थोडी बारीक चमक दिसणारच, पण नखानं उचलता येतील असे तुकडे निघाले तर मेस्त्रींकडं जा, लोहचुंबकाला चिकटले तर लोखंड, नाही चिकटले तर ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा धातू, तेवढ्यावरनं पण त्यांना दिशा मिळते.

[दृश्य: सांगली, आयर्विन पूल, कृष्णा.]

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात इथं कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि सांगलीत गाड्या दिवसेंदिवस पाण्याखाली होत्या. बुडालेली गाडी बाहेर काढली की पहिली किक मारायचा मोह होतो, तो आवरा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी काढायचं, ऑइल सोडायचं, ते दुधाच्या चहासारखं निघेल, नवं ऑइल आणि नवा ऑइल फिल्टर घालायचा, गाडी थोडी चालवून दोन्ही परत बदलायचे, कारण फिल्टरच्या कागदात पाणी आणि गाळ अडकून राहतो. कागदी एअर फिल्टर भिजला असेल तर वाळवत बसू नका, फुगलेला कागद परत पहिल्यासारखा होत नाही.

ड्युप्लिकेट मालाबद्दल दोन शब्द. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना आणि साल छापणं कायद्यानं बंधनकारक आहे, ते नसेल तर घेऊ नका. पार्ट नंबर कंपनीच्या पार्ट लिस्टशी जुळवा, बिल घ्या. गाडी कंपन्यांना माल पुरवणारे बरेच फिल्टरवाले स्वतःच्या नावानंही तोच माल बाजारात विकतात, तो कंपनीच्या पाकिटापेक्षा थोडा स्वस्त पडतो आणि माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात चांगला सौदा तोच आहे.

फिल्टर बदलला की गाडी मिनिटभर स्टार्ट ठेवा, कव्हरपाशी कुठं ऑइल पाझरतंय का बघा, बंद करून थोडं थांबा आणि ऑइलची लेव्हल परत बघा, कारण नवा फिल्टर थोडं ऑइल पिऊन घेतो. निघालेलं जळकं ऑइल ओढ्यात, शेताच्या बांधावर किंवा गटारात ओतू नका, सरकारी नियमात ते घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरा आणि गॅरेजवाल्यांना द्या, त्यांच्याकडून ते गोळा करणारे घेऊन जातात.