पॅडींचा टप्पा

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर, सगळ्यांचे ‘पॅडी’, ३ मार्च २०२५ रोजी गेले, वयाच्या ८४व्या वर्षी. त्यानंतर जो तो हळहळला, कसोटी खेळायला मिळाली नाही म्हणून. हळहळ खरी आहे. भारतीय संघात डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदींकडे होती. पण दादर-माहीमच्या ज्या पोरांसाठी ‘पॅडी’ हिरो होते, त्यांना वेड होतं ते त्यांच्या टप्प्याचं, म्हणजे चेंडू नेमका जिथं पडायचा त्या जागेचं. आज त्याच टप्प्याविषयी बोलू या.

डावखुऱ्या फिरकीत चेंडू तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पेरांत धरायचा, शिवण आडवी. दोन बोटांत फट हवी, अंगठा नुसता टेकलेला. चेंडू तळव्याला चिकटला की बोटांना पीळ देताच येत नाही. उजवा पाय टेकला की त्याच्या चवड्यावर अख्खं अंग वळायला हवं. पोरं नेमकी इथंच चुकतात. उजवा खांदा लवकर पडतो, चेंडू आखूड पडतो, आणि फलंदाज मागच्या पायावर जाऊन आरामात कट मारतो. त्यावर उपाय म्हणजे उजवा हात शेवटपर्यंत उंच ठेवायचा आणि फलंदाजाकडे त्या खांद्यावरून बघायचं.

आता उंची. चेंडू फलंदाजाच्या नजरेच्या वर गेला पाहिजे. त्याला वाटतं, आलाच बॅटवर. आणि चेंडू त्याच्या अंदाजाच्या हातभर अलीकडे पडतो. मात्र ही उंची पीळ दिल्यामुळेच कामी येते. पीळ नसलेला उंच चेंडू म्हणजे षटकाराचं आमंत्रण! अधूनमधून बोटं शिवणीच्या मागे ठेवून पीळ न देता सोडायचा, तो आर्म बॉल. बाहेर जाईल म्हणून बॅट बाहेर काढावी, तर चेंडू थेट पायावर येतो.

चेन्नईच्या चेपॉक मैदानावर १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात पॅडींनी तमिळनाडूचे १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले. तमिळनाडूचे डाव ८० आणि ६१ धावांत आटोपले. खेळपट्टी फिरत होती, हे सगळेच सांगतात. पण फिरत्या खेळपट्टीवर गोलंदाजाला हाव सुटते. चेंडू वीतभर वळतो, बॅटला हुलकावणी देतो, प्रेक्षक ‘अरेरे’ म्हणतात आणि गडी काही मिळत नाही. बॅटची कड घ्यायला दोन-तीन बोटं वळणं पुरेसं असतं. म्हणून तिथं चेंडू थोडा जोरात, यष्टीच्या रेषेतच टाकायचा आणि टप्पा हलू द्यायचा नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. तीस षटकं करून बघा!

प्रथम श्रेणीत १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. आणि १९८७-८८च्या मोसमात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मुंबईला गरज पडली तेव्हा पॅडी पुन्हा चेंडू हातात घेऊन उभे राहिले.