दोन बल्ब आणि ‘मला फिजिक्स जमत नाही’

‘मला फिजिक्स जमत नाही’ हे मत मुलं घरून घेऊन येत नाहीत, ते बरंचसं आपल्या वर्गात तयार होतं. कसं, ते विजेच्या एका प्रयोगातून पाहू.

सामान थोडं आहे. दीड व्होल्टचे दोन मोठे सेल, टॉर्चचे अडीच व्होल्टचे दोन बल्ब, वायरचे तुकडे. बल्ब जुन्या पद्धतीचे, आत तार असलेले हवेत. एलईडी उलटा जोडला तर लागत नाही, एका सेलवर सरळ जोडूनही बहुधा लागत नाही, आणि मूल दोष स्वतःला देतं.

आधी एक सेल, एक बल्ब, एकच वायर. होल्डर द्यायचा नाही. पुष्कळ मुलं वायर बल्बच्या बुडाशी टेकवून वाट बघत बसतात. बल्बला दोन जोडजागा असतात, बुडाचा ठिपका आणि बाजूची धातूची टोपी. पुस्तकातल्या आकृतीत त्या बऱ्याचदा नीट दिसत नाहीत. उत्तर सांगू नका, भिंग द्या आणि आतल्या तारेची दोन टोकं कुठं जातात ते शोधायला लावा. वायर गरम लागली तर ताबडतोब सोडायची, एवढं मात्र आधीच सांगा.

मग दोन सेल, दोन बल्ब, एकसर जोडणी, म्हणजे एकाच वाटेवर एकामागोमाग एक. जोडण्यापूर्वी विचारा, कुठला बल्ब जास्त उजळेल? हात वर करायला लावू नका. अर्धा वर्ग पहिल्या बाकाकडं बघून हात वर करतो आणि हुशार कोण, हे पुन्हा एकदा ठरून जातं. अंदाज आणि कारण प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं. ‘पहिला बल्ब करंट वापरतो, दुसऱ्याला कमी उरतो’ हे उत्तर हमखास येतं. ते बावळटपणाचं नाही. जगभरच्या मुलांमध्ये ते आढळलंय.

आता खरी अडचण. बाजारातले दोन बल्ब क्वचितच अगदी सारखे असतात. एक खरोखरच जास्त उजळतो आणि चुकीचा अंदाज बरोबर ठरल्यासारखा वाटतो. अशा वेळी ‘बल्ब खराब आहेत, पुस्तकात बघा’ म्हणालात, की आपल्या डोळ्यांना इथं किंमत नाही हे मुलाला कळतं. त्यापेक्षा बल्बांची अदलाबदल करू द्या. जास्तीचा उजेड त्याच जागी राहिला, की बल्बाबरोबर गेला? बल्बाबरोबर गेला, तर फरक बल्बाचा. नंतर करंट मोजणारा अ‍ॅमीटर बल्बांच्या अलीकडे, मध्ये आणि पलीकडे लावा. तिन्हीकडे आकडा तोच येतो, म्हणजे पहिला बल्ब करंट संपवत नाही. पुढं समांतर जोडणी, म्हणजे प्रत्येक बल्ब सेलला स्वतंत्र वाटेनं जोडलेला, करताना नवे सेल वापरा. मरगळलेल्या सेलवर दुसरा बल्ब जोडताच पहिला मंदावतो आणि नवाच घोटाळा होतो.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. अभ्यासक्रम संपवायच्या घाईत हे तीन सेकंद फार मोठे वाटतात, तरी ते द्या.

गटात वायर एकाच्याच हातात आणि वही मुलीकडं, असं आपोआप होतं. दर दहा मिनिटांनी कामं बदला. गुण द्यायचेच असतील तर अंदाज बरोबर आला म्हणून देऊ नका. ‘आधी असं वाटत होतं, अदलाबदल केल्यावर मत बदललं, कारण...’ या ओळीला द्या.