भूतानमध्ये शेतकऱ्याच्या घरी मुक्काम

नमस्कार मंडळी! भूतानला जाऊन आलेली माणसं आता आपल्याकडे पुष्कळ भेटतात, थिंफू झालं, पुनाखाचा झोंग म्हणजे किल्ल्यासारखा मठ झाला, कड्यावरचा टायगर नेस्ट मठ चढून झाला, पण तिथल्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी राहिलात का असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, अरे असं राहता येतं हेच माहीत नव्हतं. म्हणून आज तेवढंच सांगणार आहे, आणि अगदी आग्रहाने सांगणार आहे.

आम्ही राहिलो फोब्जिखा खोऱ्यात. थिंफूहून दोचुला खिंड ओलांडायची, वांगदीकडे खाली उतरायचं, परत चढत जायचं, आणि मग जवळजवळ 3000 मीटर उंचीवर एकदम हे पसरट खोरं लागतं, मधे दलदलीचं गवताळ रान, कडेकडेने बटाट्याची शेतं आणि वर टेकाडावर गांगतेचा मठ. हिवाळ्यात तिबेटातून काळ्या मानेचे क्रौंच इथे येतात, त्यांना तारांचा धोका नको म्हणून या खोऱ्यात वीज जमिनीखालून आणलीय. आपला देश सोडून जेमतेम काही तासांवर असं काही आहे हे बघूनच बरं वाटतं.

घर म्हणाल तर जाड मातीच्या भिंती, लाकडी खिडक्यांवर रंगीत नक्षी, खालच्या मजल्यावर पूर्वी गुरं बांधायचे, आता तिथे बटाटे आणि अवजारं. वर जिन्याने गेलं की स्वयंपाकघर आणि सगळं घर तिथेच असतं, कारण बुखारी तिथे आहे. लोखंडी शेगडी, तिच्यावरच पाणी तापतंय, तिच्याभोवती आजी आणि तिची सून, असं म्हणेपर्यंत कळलं की ती सून नाहीये, लेक आहे! पश्चिम भूतानमध्ये घर आणि जमीन बहुतेक करून मुलीकडे जाते आणि नवरा तिच्या घरी राहायला येतो. म्हणजे तिथला जावई सकाळी उठून सासूच्या शेतावर राबतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक कसं बघतात ते आठवलं, आणि खरं सांगते, मला त्या घराचा फार हेवा वाटला. घरातल्या मोठ्या बाईला सगळे आउम म्हणतात, आम्हीही तसंच म्हणायला लागलो.

जेवायला लाल भात आणि एमा दात्शी, म्हणजे चीज घालून केलेली मिरचीची भाजी, हो, मिरची हीच भाजी, तोंडीलावणं नाही. इतक्या उंचीवर भात पिकत नाही, तो खालून पुनाखा-वांगदीच्या बाजूने येतो, पण बटाटा घरचा. तुम्ही शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा, कारण हिवाळ्याच्या सोयीसाठी वाळवलेलं मांस घरोघरी असतं, आणि सांगितलं की बटाट्याची केवा दात्शी किंवा मशरूमची शामू दात्शी मिळते, दोन्ही अप्रतिम. चहा लोण्याचा आणि मिठाचा, सुजा म्हणतात त्याला, पहिला घोट जरा वेगळा लागतो पण थंडीत दुसरा कप आपणच मागतो. सोबत भाजलेल्या तांदळाचं झाव. आणि वाढताना आग्रह असा की आपल्या कोकणातल्या मावश्यांना शोभावा, तिकडे पाहुण्याने तोंडावर हात धरून मेशू मेशू, म्हणजे नको नको, म्हणायची पद्धत आहे आणि यजमानाने तरी वाढायचंच!

जेवणाआधी दोत्शो, म्हणजे तापलेल्या दगडांनी गरम केलेल्या पाण्यातली आंघोळ, जरूर घ्या. नदीतले दगड बाहेर आगीत लालबुंद तापवतात आणि लाकडी टबाच्या एका कप्प्यात सोडतात, मधे फळी असते म्हणून चटका बसत नाही, पाण्यात रानातला सुगंधी पाला टाकलेला. दगड तापायला तासन्‌तास लागतात आणि लाकूडही बरंच जातं, तेव्हा दुपारीच सांगा आणि त्याचे वेगळे पैसे द्या, घासाघीस अजिबात करू नका. भूतान सरकारला आपण भारतीय माणशी रात्रीला 1200 रुपये शुल्क देतोच, पण त्यातले पैसे थेट या बाईच्या हातात पडत नाहीत, मुक्कामाचे पडतात.

झोपायला बरेचदा देवघरातच जागा देतात, कारण घरातली सगळ्यात चांगली खोली तीच. पाय देवाकडे करायचे नाहीत, एवढं सांभाळलं की झालं. पहाटे आजी येऊन देवापुढच्या वाट्यांत ताजं पाणी भरते, आपण उठून बसावं, शांत बघावं, फोटो विचारल्याशिवाय काढू नये.

आणि शेतीबद्दल जरूर विचारा, ते लोक भरभरून बोलतात. रानडुकरांचा त्रास भयंकर, पीक तयार झालं की रात्र रात्र राखण, आता बऱ्याच ठिकाणी विजेचं कुंपण आलंय. बटाटा ट्रकने भारताच्या सीमेवरच्या फुन्त्शोलिंग गावी लिलावाला जातो आणि तिथे घेणारे बहुतेक भारतातले व्यापारी, त्यामुळे आपल्याकडचा भाव पडला की यांचं वर्ष जातं. हे ऐकताना मला नाशिकचा कांदावाला शेतकरीच समोर बसलाय असं वाटत होतं. उलट बाजूने, आपल्या मिरचीत कीटकनाशकं जास्त सापडली म्हणून 2016 मध्ये भूतानने तिची आयात बंद केली, तेव्हापासून घरची मिरची आणखी महत्त्वाची झालीय.

जायचं असेल तर टूरवाल्याला सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की हॉटेल कमी करून एक रात्र शेतकऱ्याच्या घरी हवी, आयत्या वेळी जमत नाही. टॉयलेट कुठे आहे, गरम पाणी कसं मिळेल हेही तेव्हाच विचारा, तुमच्यासोबत म्हातारी माणसं असतील तर जिना खूप उभा असतो हे लक्षात ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटी गेलात तर बटाटे काढून झालेले असतात, घरच्यांना बोलायला वेळ असतो आणि क्रौंच यायला लागलेले असतात, 11 नोव्हेंबरला तर गांगते मठाच्या अंगणात क्रौंचांचा उत्सवच असतो, फक्त तेव्हा गर्दी असते, म्हणून घर खूप आधी सांगून ठेवा आणि गरम कपडे भरपूर न्या.