नांगलचा अमोनिया आणि मळीतला कार्बन

विषय दिलाय ‘कमी कार्बनच्या रसायननिर्मितीतली नवी तंत्रं’. नव्याकडे येतोच, पण एका जुन्या कारखान्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. समोर बरेचसे खत आणि साखर कारखान्यांतलेच आहेत, तेव्हा हेबर-बॉश, म्हणजे हायड्रोजन आणि नायट्रोजन जोडून अमोनिया करायची पद्धत, यापलीकडे ते सांगत बसत नाही.

पंजाबात सतलजकाठी नांगल आहे. भाक्रा धरणाची वीज हाताशी. १९६१ साली तिथं खतकारखाना सुरू झाला आणि त्याचा हायड्रोजन पाण्यातून यायचा. पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढायचा, हवेतला नायट्रोजन घ्यायचा आणि अमोनिया करायचा. आज ‘हरित अमोनिया’ म्हणून ज्याच्या परिषदा भरतात, तो आपल्या देशात साठ वर्षांपूर्वी जलविद्युतवर तयार होत होता! असं विघटन चालू राहिलं की मागं उरणाऱ्या पाण्यात जड हायड्रोजनचं प्रमाण वाढत जातं. म्हणूनच १९६२ मध्ये देशातला पहिला जड पाण्याचा (हा जड हायड्रोजन असलेलं, काही अणुभट्ट्यांत लागणारं पाणी) प्रकल्प तिथंच उभा राहिला. नॉर्वेतल्या जड पाण्याच्या कारखान्यावरचा दुसऱ्या महायुद्धातला घातपात तुम्ही वाचला असेल. तिथलाही मूळ धंदा खताचाच होता.

मी हे जिथं जाईन तिथं सांगतो, कारण रसायन अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांनाही नांगल माहीत नसतं आणि याचा मला मनापासून राग येतो. पुढं विजेला इतर गिऱ्हाइकं वाढली, तेल आणि वायू परवडू लागले आणि ही पद्धत मागं पडली. तंत्र चोख होतं, हिशेब बदलला.

तो हिशेब आजही तोच आहे. एक टन अमोनियाला सुमारे १७६ किलो हायड्रोजन लागतो. किलोमागं ५० युनिट वीज धरा, म्हणजे टनाला ८,८०० युनिट. दर ४ रुपये असेल तर नुसत्या हायड्रोजनच्या विजेचेच ३५ हजार रुपये झाले. दर २ रुपयांवर आणा, मग बोलू. शिवाय अमोनियाच्या संयंत्राला रात्रंदिवस एकसारखं चालायची सवय, आणि सौर वीज संध्याकाळी घरी जाते.

नांगलची आणखी एक बाब हिशेबात धरायला हवी. तिथं कॅल्शियम अमोनियम नायट्रेट हे खत बनायचं, त्यात युरियासारखा अमोनियाशी कार्बन डायऑक्साइड जोडावा लागत नाही. आपला शेतकरी मागतो युरिया. एक टन युरियात ७३३ किलो कार्बन डायऑक्साइड बांधला जातो. आपल्या अलिबागजवळच्या थळसारख्या खतकारखान्यात नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढताना तो आपोआप मिळतो. हायड्रोजन पाण्यातून काढलात की तो गेला! मग युरियाला कार्बन आणायचा कुठून? हरित अमोनियाच्या भाषणांत हा प्रश्न फार क्वचित ऐकू येतो.

माझं उत्तर इथल्या डिस्टिलऱ्यांत आहे. मळी, म्हणजे साखर काढल्यावर उरणारा दाट पाक, जिथं आंबवून अल्कोहोल करतात त्या टाकीवर, फर्मेंटरवर, कधी उभे राहिला असाल तर आठवा. आंबूस वास, वर तपकिरी फेस, आत सतत बुडबुडे. तो वायू स्क्रबरमधून पाण्यानं धुऊन त्यातला अल्कोहोल परत घेतात, आणि बऱ्याच ठिकाणी उरलेला छतावरच्या पाइपातून सरळ हवेत सोडतात. काही कारखाने तो शीतपेयवाल्यांना विकतात, तेवढंच. बॉयलरच्या धुरात कार्बन डायऑक्साइड दहा-पंधरा टक्के, म्हणून तो वेगळा करायला खर्च फार. फर्मेंटरचा वायू ओलावा सोडला तर जवळपास शुद्ध. एक टन इथेनॉलमागं तो सुमारे ९५० किलो निघतो, आणि मुळात उसानं हवेतूनच घेतलेला असतो. हा युरिया शेतात पडला की तो कार्बन पुन्हा हवेत जातो, हे खरं. पण तो जमिनीखालून उपसलेला नसतो, आणि माझ्या दृष्टीनं फरक तिथंच पडतो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. कबूल केलेली नवी तंत्रं भराभर सांगतो.

जर्मनीत लुडविग्सहाफेनला २०२४ पासून विजेवर तापणाऱ्या क्रॅकर भट्ट्यांची (पेट्रोलियमचे मोठे रेणू उष्णतेनं तोडणाऱ्या) चाचणी चालू आहे. तापमान ८५० अंशांच्या घरात, क्षमता ६ मेगावॉट. प्लास्टिकचा कच्चा माल बनवताना भट्टीत जळणारा वायू त्यानं वाचेल. ऊर्ध्वपातनात स्तंभाच्या माथ्यावरची वाफ कॉम्प्रेसरनं दाबून तिचीच उष्णता तळाला द्यायची, हे तंत्र बॅचवर, म्हणजे एकेक घाणा करून, चालणाऱ्या आपल्या छोट्या कारखान्यांत अजून फारसं पोचलेलं नाही, आणि सगळ्यात आधी पोचायला हवं ते हेच. आइसलँडमध्ये २०१२ पासून भूऔष्णिक केंद्राचा कार्बन डायऑक्साइड आणि विजेनं काढलेला हायड्रोजन यांपासून मिथेनॉल बनवून दाखवलं गेलं. डिस्टिलरीच्या वायूला हाही रस्ता मोकळा आहे, युरियापेक्षा कदाचित सोपा, कारण मिथेनॉल टाकीत साठवता येतं आणि डिस्टिलरी बंद असली तरी विकता येतं.

प्रश्न चहाच्या वेळी घेऊ. डिस्टिलरीत काम करणाऱ्यांनी आवर्जून भेटा. फर्मेंटरचा वायू तुमच्याकडे मोजला जातो का, वर्षात किती दिवस निघतो आणि जवळचं विजेचं उपकेंद्र किती अंतरावर आहे, एवढं मला हवं आहे.