कुमामोतो : मनोरा सावरला, तट अजून बाकी

जपानच्या क्यूशू बेटावरचा कुमामोतो किल्ला कातो कियोमासा या सरदाराने १६०७ मध्ये पुरा केला. १८७७ च्या सात्सुमा बंडात, म्हणजे सामुराईंच्या सरकारविरुद्धच्या उठावात, किल्ल्याला वेढा पडायच्या तोंडावर, मुख्य मनोरा म्हणजे तेन्शु जळाला. आज दिसतो तो १९६० चा. आत पोलाद आणि काँक्रीट, बाहेरचं रूप तेवढं जुन्या छायाचित्रांवरून.

एप्रिल २०१६. १४ तारखेला एक भूकंप, १६ ला दुसरा, ७.३ तीव्रतेचा. तेन्शुची कौलं घसरली, पण सांगाडा टिकला. कारण त्याचा भार जुन्या जोत्यावर नाहीच. तो खांबपायातून थेट जमिनीत उतरतो.

खरी पडझड झाली ती तटांची. हे तट चुन्याविना रचलेले. दर्शनी चिऱ्यांमागे गोट्यांची जाड भर असते. तिच्यातून पावसाचं पाणी निचरतं, म्हणून एरवी तीच तटाला तारते. जमीन हादरली की मात्र गोटे खाली बसतात आणि चिऱ्यांना बाहेर रेटतात. आधी तटाला पोट येतं, मग चिरे निखळतात. सुमारे ७९,००० चौरस मीटर तटांपैकी ८,२०० कोसळले. हे धरून एकूण २३,६०० कोसळले, फुगले किंवा सैल झाले.

कोपऱ्यांची रचना वेगळी. लांबट चिरे एकाआड एक दोन्ही भिंतींत शिरतात, त्यामुळे कोपरा आवळलेला राहतो. किल्ल्याच्या इइदामारू या भागातल्या मनोऱ्याखाली दोन्ही बाजूंचा तट गेला, आणि कोपऱ्यातल्या चिऱ्यांच्या एकाच उतरंडीवर तो तोलून राहिला. हा मनोराही २००५ मध्ये पुन्हा बांधलेला. पोलादी चौकटीचा आधार देऊन आधी तो सावरला, पुढे उतरवला.

दुरुस्ती वेळखाऊ आहे. पडलेला प्रत्येक चिरा उचलायचा, क्रमांक घालायचा, मोकळ्या जागेत मांडायचा. मग भूकंपाआधीच्या छायाचित्रांशी ताडून त्याची मूळ जागा शोधायची. फुगलेला भाग तर आधी उतरवावा लागतो, नाहीतर नवी रचाई जुन्या पोटाला टेकते. भर पुन्हा ठासायची, तडकलेल्या चिऱ्याजागी नवा घडवायचा.

तेन्शु २०२१ मध्ये खुला झाला, आता हादरे शोषणाऱ्या यंत्रणेसह आणि लिफ्टसह. लोक त्याच्यासाठी येतात, हे साहजिकच. पण चारशे वर्षांपूर्वीची कारागिरी पाहायची तर नजर तटांकडे हवी. सगळी दुरुस्ती संपायला २०५२ उजाडेल. तोवर प्रेक्षकांसाठी २०२० पासून सुमारे ३५० मीटरचा उंच पादचारी मार्ग आहे. पडझड झालेले तट तिथून जवळून पाहता येतात.