फॉर्म एकेकाचा, कर घराचा

आजच्या व्याख्यानाचा विषय ‘डब्ल्यू-४ कसा भरावा’ (डब्ल्यू-४ म्हणजे अमेरिकेत पगारातून किती कर कापावा हे नोकरी देणाऱ्याला सांगणारा फॉर्म) असा जाहीर झाला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे; परंतु त्याआधी आमच्याच घरात घडलेली एक गोष्ट सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण या सभागृहातील काही घरांत तीच चूक आजही चालू असेल अशी मला काळजी वाटते.

माझ्या पत्नीला ईएडी, म्हणजे अमेरिकेत नोकरी करण्याचा परवाना, मिळाले आणि जानेवारी २०२४मध्ये तिची नोकरी सुरू झाली. रुजू होण्याच्या दिवशी पुढ्यात आलेल्या कागदांत डब्ल्यू-४ही होता. आम्ही विवाहित आहोत आणि रिटर्न एकत्र भरतो, म्हणून तिने तशी खूण केली, सही केली आणि फॉर्म परत दिला. माझ्या फॉर्मवर हीच खूण आधीपासून होती. दोघांनीही खरे तेच लिहिले होते. दर पंधरवड्याला दोन पेचेक येत होते, प्रत्येक पे-स्टबवर, म्हणजे पगाराच्या पावतीवर, कापलेला कर दिसतही होता. मात्र ते दोन पे-स्टब शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, असे वर्षभरात एकदाही आमच्या मनात आले नाही.

रिटर्न भरायला बसलो तेव्हा पडद्यावर आकडा आला: ११,६१८ डॉलर देणे. टंकताना काही चुकले असेल, असे समजून मी सारे आकडे पुन्हा घातले. तोच आकडा पुन्हा आला.

हा आकडा कोठून आला ते पाहा. आम्हा दोघांचा पगार प्रत्येकी एक लाख डॉलर होता. माझ्या पेरोलने, म्हणजे कंपनीच्या पगार विभागाने, असे धरले की या घरात हा एकच पगार येतो; म्हणून विवाहितांचे २९,२०० डॉलरचे स्टँडर्ड डिडक्शन (कर न लागणारी ठरावीक वजावट) त्यातून पूर्ण वजा झाले आणि उरलेल्या ७०,८०० डॉलरवर १० आणि १२ टक्क्यांच्या दरांनी ८,०३२ डॉलर कर कापला गेला. पत्नीच्या पेरोलनेही नेमके तेच केले. दोन्ही मिळून झाले १६,०६४ डॉलर. प्रत्यक्षात ते डिडक्शन घराला एकदाच मिळते. दोन लाखांतून ते गेल्यावर १,७०,८०० डॉलर उरतात, त्यांतले ९४,३००च्या वरचे सगळे २२ टक्क्यांत जातात आणि कर होतो २७,६८२ डॉलर. कर कमी कापला गेल्याचा दंड मात्र लागला नाही, कारण आदल्या वर्षी पगार एकच होता आणि त्या वर्षीच्या एकूण करापेक्षा या वर्षी कापलेला कर जास्त होता. ज्या घरात दोन्ही पगार आधीपासून चालू आहेत, तेथे ही सवलत सहसा हाती लागत नाही.

या फॉर्मबद्दल माझी तक्रार हीच आहे. पगारातून कर कापण्याची आजची पद्धत १९४३च्या कायद्याने आली, आणि तेव्हापासून पगार देणारा फक्त आपण दिलेला पगार पाहतो. घर त्याला दिसत नाही. ते आपणच त्याला दाखवायचे असते. ‘शून्य लिहू की एक?’ हा प्रश्न आजही मला विचारला जातो. पण २०२०च्या फॉर्मपासून अलाउन्सचा, म्हणजे सवलतींची संख्या लिहिण्याचा, तो रकानाच राहिलेला नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून मुख्य गोष्टी भराभर सांगतो. घरात दोनच नोकऱ्या असतील आणि पगार साधारण सारखे असतील, तर फॉर्मच्या दुसऱ्या पायरीतील चौकटीत दोघांनीही खूण करावी, एकाने करून भागत नाही. आमच्या बाबतीत त्या एका खुणेने प्रत्येकाचे १३,८४१ डॉलर कापले गेले असते, म्हणजे बरोबर २७,६८२. लहान पगार मोठ्याच्या निम्म्याहूनही कमी असेल, तर मात्र या खुणेने गरजेपेक्षा जास्त कर कापला जातो. अशा वेळी आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, संकेतस्थळावरील विदहोल्डिंग एस्टिमेटर (किती कर कापावा याचा अंदाज देणारे साधन) वापरावा.

मुलांची नोंद तिसऱ्या पायरीत करायची असते, पण ती मोठ्या पगाराच्या एकाच फॉर्मवर. दोघांनी लिहिली तर तीच सवलत दोनदा धरली जाते. मुलाला सतरावे वर्ष पूर्ण झाले की त्याच वर्षी चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलांसाठीची करसवलत, थांबते, पण जुना फॉर्म बदलेपर्यंत पेरोल ते देतच राहतो. भरघोस रिफंड आला म्हणून आनंद मानणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की ते आपलेच पैसे असतात आणि त्यांवर वर्षभराचे व्याज मिळत नाही.

आणि ज्यांना कर कमी कापला गेल्याचे ऑक्टोबरमध्ये कळेल, त्यांनी चौथ्या पायरीच्या ‘सी’ ओळीत दर पेचेकमागे जादा रक्कम लिहून नवा फॉर्म लगेच द्यावा. पगारातून कापलेला कर, तो अगदी डिसेंबरात कापला असला तरी, वर्षभर समान हप्त्यांत भरल्यासारखा धरला जातो. स्वतः भरलेल्या तिमाही हप्त्याला ही मुभा नाही. ज्यांनी दोघांचेही पे-स्टब सोबत आणले आहेत, त्यांनी कृपया मागे थांबावे. आपण ते एकत्र पाहू.